घासलेले राणीछाप रुपये

माझे वरचे समोरचे तीन दात पडले त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी तोंडावर पदर धरूनच बोलत असे. मुलाला सांगितलं असतं तर त्याने दात बसवून दिले असते. पण मग घरात त्याची चर्चा झाली असती, कोणीतरी तोंड उघडून दाखव म्हटलं असतं. ते मला नको होतं. आपल्याच पैशांनी गुपचूप बसवावेत असं मनात होतं.

माझ्याकडे आईने लग्नात दिलेले सात राणीछाप रुपये होते, चांदीचे. लक्ष्मीपूजनाला ते पाटावर मांडायचे, बाकी वर्षभर डब्यात. सुनेने एकदा फोनवर दाखवलं की असल्या नाण्यांचे लोक लाखो रुपये देतात. ती म्हणाली, "आई, पनवेलच्या बाजारात एक जुनी नाणी घेणारा आहे. किंमत तरी विचारून येऊ."

मी लगेच हो म्हटलं. तिला नवल वाटलं, कारण मी बाजारात जायला नेहमी टाळाटाळ करते.

जायच्या आदल्या दुपारी मी नाणी काढली. दुकानात न्यायची म्हणजे स्वच्छ हवीत. चिंच आणि राखुंडीने घासली, जशी दर दिवाळीला घासते, पण या वेळी जास्त वेळ. अक्षरांच्या खाचांत जुनं हळदकुंकू अडकलं होतं, ते टाचणीने कोरून काढलं. आरशासारखी चमकायला लागली.

दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. काचेखाली नोटा, घड्याळं, नाणी मांडलेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक नाणं उलटसुलट केलं, मग दुसरं. मग भिंग काढून माझ्याकडे बघितलं.

"मावशी, ही कोणी घासली?"

"मीच," मी पदराआडून म्हटलं.

"या राणीचं नाक कुठे गेलं?"

सून हसली. मी म्हटलं, "दर दिवाळीला आंघोळ घालतो आमी तिला."

"या अल्ला! आंघोळीत नाक जातं का कुणाचं?" तेही हसले, पण मान हलवत होते. त्यांनी नीट समजावलं. जुन्या चांदीवर जो काळपट थर बसतो, तोच नाणी गोळा करणारा बघतो. तो असता तर यातल्या दोन नाण्यांना चांगली किंमत आली असती. आता टाचणीचे ओरखडे पडलेत, आता चांदीच्या वजनाचेच पैसे मिळतील. आणि लाखो रुपये या जातीच्या नाण्याला कधीच नव्हते, फोनवाले काय वाटेल ते सांगतात.

"मग राहू द्या, आई," सून म्हणाली. "तुमच्या आईंची आठवण आहे. चांदीच्या भावाने कशाला मोडायची?" तिने नाणी परत रुमालात बांधायला घेतली.

मी तिचा हात धरला. काहीतरी पुटपुटले, ते दोघांनाही ऐकू गेलं नाही. दुकानदार म्हणाले, "जरा मोठ्याने बोला, मावशी." मग मी पदर खाली केला.

"इकायचे हायेत. मला दात बसवायचेत."

दुकानदारांनी नजर तराजूकडे वळवली आणि ते वजनं पुसत बसले. सून माझ्याकडे बघतच राहिली. "अहो आई, दोन वर्षं मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावून तोंड झाकता!"

मला तिचं हसू आलं, आणि वाईटही वाटलं. ते खरंच माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पाच रुपये विकले. दोन पूजेला ठेवले. ते बांधून देताना दुकानदार म्हणाले, "यांना आता नुसत्या पाण्याने धुवा. चिंच आमटीत घाला."

दात बसवायला त्यात थोडे कमी पडले, ते सुनेने घातले. मुलाला सांगू नको असं मी तिला बजावलं होतं. तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. दात बसल्यावर हिरडी आठवडाभर दुखली. दुखणं थांबल्यावर एक दिवस मुलगा कामावरून येताना पेरू घेऊन आला. मी विळी घ्यायला उठले तर म्हणाला, "आये, कापू नको. तसाच चावून खा."

मी सगळ्यांसमोर बसून खाल्ला. पेरू जरा कच्चा होता.