कोपऱ्यातलं आखूड कपाट

आई मोरीत घसरली, त्यानंतर तिचा उजवा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. प्लास्टर निघालं, लेप झाले, तेल चोळून झालं. पण एकदा खाली बसली की तिला आपली आपण उठता येईना. उभी राहायची तीही काठीवर. आणि आमच्याकडे स्वयंपाक सगळा जमिनीवर. आधी चूल होती, मग वातीचा स्टोव्ह आला, तोही पाटाशेजारी खालीच. त्यामुळे दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं. मी विशीत होते, सकाळच्या शाळेत शिकवायला जात होते, आणि भाकरी थापायची म्हटलं की मला रडू यायचं.

माझ्या भाकरीची एक कड फाटलेली असायची आणि दुसरी कच्ची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ती मुकाट्यानं खायचे. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आई मात्र दाराशी लोखंडी खुर्चीवर बसून सगळं बघायची. "पाणी लई झालं. हात फिरव. अगं फिरव की!" मी चिडून पीठ आणखी आपटायची.

मग हळूहळू तिचं सांगणं कमी झालं. एक दिवस तव्यावर भाकरी करपली, धूर झाला, शेजारीण खिडकीतून डोकावून गेली, तरी आई बोलली नाही. ती बाहेर गल्लीकडे बघत बसली होती. मी घाबरले. आपल्याच घरात आई पाहुण्यासारखी बसलीय, हे मला बघवेना. मी त्या दिवशी अण्णांना सांगितलं की हिला काहीही करून परत स्वयंपाकात घ्या, नाहीतर ही अशीच खचत जाईल.

अण्णा मागावर टॉवेल विणायचे. बोलणं कमी. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "उभ्यानं करू दे की. ओटा बांधू."

गॅस नुकताच मिळाला होता, तेव्हा ओटा व्हायचाच होता. पण सरळ लांब ओटा आईच्या कामाचा नव्हता. काठी टेकत या टोकापासून त्या टोकाला जाणार कोण? म्हणून अण्णांनी कोपरा धरला. दोन भिंतींना शहाबादी फरशीचे दोन बुटके ओटे, आईच्या उंचीचे. मधला कोपरा गवंड्यानं मोकळा सोडायचा आणि तिथं सुतारानं तिरक्या तोंडाचं कपाट बसवायचं, दोन्ही ओट्यांच्या कडेला कड लावून. डाव्या हाताला शेगडी, उजव्या हाताला पाणी आणि डबे, समोर कपाटाच्या फळीवर परात. आईनं एका जागी उभं राहायचं आणि नुसतं वळायचं. इतका बारीक विचार अण्णा करतील असं मला वाटलं नव्हतं.

ओटे झाले. आई ते बघायला आत आली नाही. "माझं काय काम तितं?" म्हणाली.

शुक्रवार पेठेतले सुतारकाम करणारे मिस्त्री माप घ्यायला येतो म्हणाले, तर अण्णांनी त्यांना येऊच दिलं नाही. टेपवर त्यांचा कधी भरवसा नव्हता. माझ्या परकराचं कापड, दाराचा पडदा, पाळण्याची दोरी, सगळं त्यांनी धाग्यानं मोजलेलं. त्यांनी मागावरचा टॉवेलचा मऊ धागा चार पदरी करून आणला. भिंतीच्या कोनापासून ओट्याच्या टोकापर्यंत ओढला, गाठ मारली. दुसऱ्या भिंतीला ओढला, गाठ मारली. समोरच्या तिरक्या बाजूलाही तेच. धाग्याची गुंडी मिस्त्रींकडे पोचती झाली. "फुटात चूक हुईल, ह्यात न्हाय हुयाची," हे त्यांनी मला वर ऐकवलं.

कपाट हातगाडीवरून आलं. मिस्त्री आणि अण्णांनी ते उचलून कोपऱ्यात सरकवलं. ते आत गेलं, आणखी आत गेलं, आणि मागच्या भिंतीला धडकून थांबलं. दोन्ही ओट्यांची टोकं पुढे राहिली आणि कपाटाचं तोंड चांगलं चार बोटं मागे. दोन्ही बाजूंना फटी. पीठ सांडलं की थेट आत, झुरळांची सोय.

"मिस्त्री, हे काय केलंत?" अण्णांचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे.

"काका, तुमी दिलं तसंच कापलं की हो मी." मिस्त्रींनी खिशातून तोच धागा काढला आणि कपाटाच्या फळीवर अंथरला. गाठीला गाठ बरोबर. अण्णांनी तो हिसकावून घेतला आणि कोपऱ्यात ओढून धरला. तिथंही गाठीला गाठ बरोबर.

मला हसू फुटलं, आवरेच ना. अण्णांच्या हाताला सवयच ती. धागा हातात आला की तो ताणला गेलाच पाहिजे, ढिला धागा मागावर चालत नाही. आणि मिस्त्रींनी तो कुणीही दोरी ठेवावी तसा सैल फळीवर ठेवला होता, मग तो तेवढा आखूड भरला. मी ते बोलून दाखवलं तेव्हा अण्णा मटकन डब्यावर बसले. मग माझं हसू थांबलं. बिचाऱ्यांनी किती जिवानं केलं होतं सगळं!

"घिऊन जातो परत," मिस्त्री म्हणाले. "नवीन फळ्या लागतील. लाकूड यायला वेळ लागंल, पण करून देतो."

"न्या," अण्णा म्हणाले. त्यांनी वर बघितलंही नाही.

आवाज ऐकून आई काठी टेकत दारात आली होती. "बगू तरी काय झालं," म्हणत ती आत शिरली, सरळ कोपऱ्याकडे गेली आणि कपाटासमोरच्या त्या खाचेत उभी राहिली. डावी कंबर एका ओट्याच्या टोकाला लागली, उजवी दुसऱ्या. ती जरा हलली, पुन्हा टेकली. पायावरचा भार तिनं एकीकडून दुसरीकडे घेऊन बघितला. मग हातातली काठी तिनं माझ्यापुढे धरली.

"धर ही."

मी धरली. आई उभी होती आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. ती पडल्यापासून मी हे पाहिलं नव्हतं.

"परात आण."

"अगं थांब, ते परत न्यायचंय," अण्णा म्हणाले.

"पीठ आण म्हणतीय की मी!"

मी परात आणली, पीठ आणलं, पाणी ठेवलं. शेगडी पेटवून तवा चढवला. आईनं पीठ मळलं, गोळा केला आणि थापायला लागली. पहिली भाकरी जरा वाकडी झाली. दुसरी गोल झाली आणि तव्यावर टम्म फुगली. अण्णा डब्यावरून उठून उभे राहिले.

मिस्त्री चाचरत म्हणाले, "काकू, फटी राहिल्यात वो. नीट करून देतो."

"फटीत पट्ट्या मारा. म्होरं काय वाढवू नका," आई वळून न बघता म्हणाली. "मला हितं उभारता येतंय."

तिसऱ्या भाकरीला मी पाणी लावायला पुढे झाले, तर तिनं कोपरानं मला ढकललं. "मधी मधी करू नको. जा, भाईर जा."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि पोटभर रडले. इतका आनंद मला आधी कशाचा झाला नव्हता, अगदी नोकरीची बातमी आली तेव्हासुद्धा नाही. आतून थापण्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं मिस्त्री हत्यारांची पिशवी आवरून दारात आले, अण्णा त्यांच्या मागोमाग. मिस्त्री चप्पल घालायला वाकले, तोच आतून आईचा खणखणीत आवाज आला, "मिस्त्री, जेवल्याबिगर जायाचं न्हाय!"