वाहक नेमका कोण?

हसायचं न्हाई, हे आधी कबूल करा. मगच सांगतो. लातूरच्या दवाखान्यात, भर दुपारी, दहा-बारा बायकांदेखत मी जी अक्कल पाजळली ना, ती आठवली की अजून तोंड लपवावं वाटतंय!

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी जळकोटच्या तहसीलमध्ये लिपिक. टँकर पोचला न्हाई म्हणून दिवसभर गावोगावचे फोन. त्यातून जरा डोकं वर काढावं तर उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून वरून माहिती मागवलेली. जिल्हा काही झाला न्हाई, माझी रजा मात्र बंद झाली!

अन् नेमकी तवाच माझी बायको सविता पोटुशी. पहिलंच लेकरू. तिची ताई लातुरात राहते, म्हणून तपासणी तिकडच्या सरकारी दवाखान्यात. मला वेळ न्हाई, तर बिचारी एकटीच एसटीनं जायची.

पहिल्या खेपेहून आली ती हसतच.

"कंडक्टर लई चांगला माणूस हाय ओ. मला बघून खिडकीची जागा करून दिली."

"त्याचं कामच हाय ते," मी म्हटलं. पण पोटात कुठंतरी मुंगी चावली.

दुसऱ्या खेपेला काय? "आज कंडक्टरनं मला गार पाण्याची बाटली दिली!"

पाणी! तुम्हीच सांगा, त्या उन्हाळ्यात कुणी सख्ख्या भावाला तांब्याभर पाणी देत होतं का? आमच्या गल्लीत हंड्यावरून बाया एकमेकींच्या झिंज्या उपटून राहिल्या होत्या. अन् हा कोण टिकोजीराव माझ्या बायकोला पाणी पाजणारा? तेही गार?

"वय काय त्याचं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मला काय म्हाईत? असंल तुमच्याएवढा. पण केस हायत."

केस हायत! म्हणजे माझ्या डोक्यावर काय हाय ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. त्या दिवशी मी आरशासमोर इतका वेळ उभा होतो की तहसीलदारांचा फोन आला, "आज येणार का न्हाई?"

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. दोन-तीन दिवसांनी सविताला दवाखान्यातून फोन आला, अन् ती एकदम गप झाली. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. विचारलं तर म्हणे, उन्हानं डोकं दुखतंय.

मग एका दुपारी मी जेवायला घरी आलो. चपला काढतोय तेवढ्यात आतून तिचा आवाज. ताईला फोन लावलेला.

"हाव ताई, वाहकच. डॉक्टरीणबाई सोता म्हणाल्या, वाहक म्हणून... न्हाई, ह्यांना अजून सांगितलं न्हाई. कसं सांगू? ... आता ह्यांचं रक्त तपासल्यावरच बाळाचं कळंल म्हणे."

माझी एक चप्पल पायात, एक हातात!

आता मी पडलो सरकारी कागदातला माणूस. आमच्या डोक्यात वाहक म्हणजे एकच. एसटीत सीटच्या वर लिहिलेलं असतं ना, तो! वाहक. मला सांगायचं न्हाई. अन् माझं रक्त तपासल्यावर बाळाचं कळणार! ह्याचा हिशेब शाळेतल्या पोरालासुद्धा लागंल. मला तर तिथल्या तिथं लागला. मी तसाच उपाशी हापिसात परत.

दुसऱ्या दिवशी सविता खाली मान घालून म्हणाली, "अहो, लातूरला चला. तुमचं रक्त द्यायचंय."

"कामून?"

"तिथं मॅडम सांगतील. मला न्हाई सांगता येत." डोळ्यांत पाणी.

म्हटलं, चला! होऊन जाऊ द्या. भांडून रजा घेतली.

एसटीत चढलो, तर हे साहेब दारातच. खरंच केस होते ओ! दाट, तेल लावून मागं वळवलेले. "या ताई, बसा. जयभीम साहेब! आज तुम्ही पण? बरं झालं." बरं झालं म्हणे! मी त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गाडीतून उडी मारली असती. ह्यानं मला तिकीट दिलं.

उदगीरच्या स्टँडवर गाडी थांबली, तसा मी त्याला गाठला.

"लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय की."

"लेकरंबाळं?"

"दोन हायत. कामून? कुठं स्थळ बघून राहिले का?" अन् खो खो हसला. बघा, निर्लज्जपणा! मला तर लातूर येईपर्यंत त्याच्या केसांशिवाय काही दिसलं न्हाई.

दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या मॅडमपुढं आम्ही दोघं बसलो. दार उघडंच, बाहेर बाकावर बायकांची रांग. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या मिसेसचा रिपोर्ट आलाय. घाबरू नका. पण वाहकाचा प्रश्न आहे, त्यामुळे तुमचं रक्तही तपासावं लागेल. तुम्हीसुद्धा वाहक निघालात तर..."

"मी?" मी उठूनच उभा राहिलो. "मी कसा वाहक निघणार? मी महसूल खात्यात लिपिक हाय! वाहक तिकडं स्टँडवर बसलाय. त्याला बोलवा, त्याचंच रक्त काढा!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "साहेब, एसटीचा इथं काय संबंध?"

"तेच तर मी विचारून राहिलो! एसटीचा माझ्या लेकराशी काय संबंध?"

बाहेरच्या रांगेतल्या बायका उठून दारातून आत डोकावल्या. अन् मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

मॅडमनी मला खाली बसवलं. कागदावर दोन गोल काढले, एक आईचा, एक बापाचा. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार असतो, तो आईबापाकडून लेकरात येतो, म्हणाल्या. सविताच्या रक्तात त्याचा एकच अंश हाय, म्हणून ती वाहक. तिला सोताला आजार न्हाई. बापाच्या रक्तात तो अंश नसंल तर लेकराला आजार व्हायची भीती न्हाई. पण दोघंही वाहक असले, तर दर खेपेला चारात एक लेकरू आजारी निघायची शक्यता. म्हणून माझं रक्त.

मी त्या दोन गोलांकडं बघत राहिलो. मत्सर तर कुठल्या कुठं पळाला, पण त्याच्या जागी जे येऊन बसलं ना, ते लई वाईट होतं.

रक्त देऊन बाहेर आलो. लिंबाच्या झाडाखाली सविता उभी. तिला एव्हाना सगळा उलगडा झालेला.

"म्हणजे तुम्ही मला... त्या कंडक्टरसंगं?"

मी चपलेच्या टोकानं माती उकरत राहिलो.

"भोकरला माझ्या मामाचं पोरगं ह्याच आजारात गेलं. सांध्यांच्या दुखण्यानं ओरडायचं ओ ते. मी आठ दिवस झाले घास गिळला न्हाई. वाटलं, ह्यांना कळलं तर मला माहेरी नेऊन सोडतील. अन् तुम्ही त्याचे केस मोजत बसले?"

मी म्हटलं, "चुकलं." ती म्हणाली, "लई चुकलं."

परतीच्या गाडीतही तोच कंडक्टर. त्यानं सविताला जागा करून दिली, मग एका बाळंतिणीला, मग एका साठीच्या आजीला. पाणी सगळ्यांना एकाच बाटलीतून! मी उभ्यानं आलो. जागा होती ओ, पण सवितानं शेजारी पिशवी ठेवली होती.

रिपोर्टला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत घागरी मी भरल्या, भाकरी मी थापल्या. सविता एक शब्द बोलली न्हाई, भाकरीच्या आकारावरसुद्धा. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन. "साहेब, तुम्ही वाहक नाही." मी हापिसातच खुर्चीवर बसून रडलो. नवा जिल्हा जाहीर झाला वाटून शेजारच्या टेबलावरल्यानं पेढे मागितले!

पोरगी झाली. धडधाकट, आवाजानं गल्ली जागी करणारी. सविता बोलायलाही लागली.

पुढं आमच्या गल्लीतल्या विहारात सिकलसेलच्या माहितीचा कार्यक्रम झाला. बोलायला लातूरच्या त्याच मॅडम! मी मागं खांबाआड बसलो. मॅडम म्हणाल्या, "गैरसमज किती असतात बघा. एका गृहस्थांनी तर मला एसटीच्या कंडक्टरचं रक्त काढायला सांगितलं!"

सगळा विहार हसला. कुणाला शंका येऊ नये म्हणून मी सगळ्यांहून मोठ्यानं हसलो.

"असला येडा कोण ओ मॅडम?" पाहुणे म्हणून आलेले आमचे तहसीलदार डोळे पुसत म्हणाले.

"नाव नाही सांगता येणार," मॅडम म्हणाल्या. मी मनातल्या मनात हात जोडले.

तेवढ्यात बायकांमधून सविता उठली. मांडीवरची पोरगी कडेवर घेतली, अन् सरळ खांबाकडं बोट करून तिला म्हणाली, "ते बघ तुझे पप्पा. हात कर!"