वसतिगृहाच्या यादीतली बेरीज

“भाऊ, एकदा कॅल्क्युलेटरवर मिळवून पाहू का?” लतानं विचारलं. यादी प्रिंटरमधून नुकतीच बाहेर आली होती.

“कावून? कॉम्प्युटरले बेरीज येत नाही का?” मी म्हणालो.

“येते न भाऊ. पण आपल्या मनाची खात्री.”

“राहू दे. बोर्डावर लाव.”

मी अमरावतीत एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत अधीक्षक होतो. लता तायडे माझ्यासमोरच्या टेबलावर क्लार्क होती. सतरा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. मी कागदात डोकं घातलं की ती हाक मारायची, “भाऊ, चहा थंडा होऊन राहिला.” वरूडला तिचं माहेर. संत्र्यांच्या दिवसांत पिशवी आली की तिच्या ड्रॉवरचा वास आठवडाभर जायचा नाही.

ती यादी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशाची होती. तीन रकाने: दहावीचे गुण, घर किती लांब त्याचे गुण, मुलाखतीचे गुण. चौथा एकूण. मी वर्डमध्ये टेबल करून चौथ्या रकान्यात फॉर्म्युला टाकला होता. म्हणजे ‘डावीकडच्या आकड्यांची बेरीज कर’ असा हुकूम. कचेरीत हे कोणाला येत नव्हतं. मला सगळे ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’ म्हणत आणि मला ते आवडायचं. ती फाइल मी लताच्या मशीनवर दिली आणि सांगितलं, “तू फक्त गुण टाक. एकूण आपोआप होते.”

शेवटच्या दिवशी एका मुलीचे दहावीचे गुण फेरतपासणीत वाढून आले. लतानं ते बदलले, एकूणप्रमाणे यादी लावली, प्रिंट काढली. पुढचं वर सांगितलंच आहे.

तिसऱ्या दिवशी कौंडण्यपूरकडचे एक गृहस्थ सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिले. हातात वहीचं पान.

“साहेब, माह्या पोरीचं नाव खाली कसं गेलं? हे तीन आकडे तुमचेच आहेत. मिळवा बरं.”

साहेबांनी मिळवले. वाढीव गुण रकान्यात होते, बेरजेत नव्हते. मला आत बोलावलं.

“यादी कोणी केली?”

“लताबाईंनी टाइप केली, साहेब.”

हे खरं होतं. म्हणूनच ते बोलायला मला जड गेलं नाही.

मुलीला प्रवेश मिळाला. लताला निष्काळजीपणाचा मेमो मिळाला आणि महिनाअखेरीला अकोल्याच्या शाखेत बदली. तिनं साहेबांना एवढंच सांगितलं, “आकडा मी बरोबर टाकला होता.” माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलं मात्र. मी फाइल चाळत होतो.

ती गेल्यावर आठवड्यानं तिच्या मशीनवर मी दुसरी यादी करायला बसलो. एक आकडा बदलला. एकूण हललं नाही. प्रिंट काढली, तरी जुनंच. तीच फाइल माझ्या मशीनवर उघडून प्रिंट काढली, तर बेरीज नवीन. दुपारभर शोधल्यावर कारण सापडलं. वर्डच्या टेबलातली बेरीज आकडा बदलला म्हणून बदलत नाही. टेबल निवडून एफ नाईन ही कळ दाबावी लागते. माझ्या मशीनवर ‘छापण्याआधी ताजं कर’ अशी एक खूण कधीतरी लागलेली होती. तिच्या मशीनवर नव्हती. माझं ‘आपोआप’ एवढंच होतं.

उठून केबिनमध्ये जायला वीस पावलं होती. मी गेलो नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या दोन वर्षांत समोरच्या खुर्चीवर तिघे जण येऊन गेले. चहा मी बहुतेक थंडच प्यायलो.

यंदा लता निवृत्त होणार असं कळलं. सगळं लिहून काढलं, सही केली आणि अकोल्याची एसटी धरली.

ती आता तिथं हेड क्लार्क आहे. केस पांढरे झालेत. पत्र तिनं उभ्यानंच वाचलं.

“हे मले कावून देता भाऊ? मी तर मेमो भेटला त्याच दिवशी घरच्या कॉम्प्युटरवर तसंच टेबल करून पाहिलं होतं. मले माहीत आहे.”

“मग बोलली कावून नाहीस?”

“मेमोवाली बाई बोलली तर कोण ऐकते? तुमी सांगान असं वाटलं होतं. पहिलं वर्षभर तर फोन वाजला की वाटे.” तिनं पत्राची घडी करून परत दिली. “ज्यायनं मेमो देला त्यायले नेऊन द्या.”

टेबलावर तिच्या चहाचा कप होता. ती जुनं वाक्य म्हणेल असं मला वाटत राहिलं. तिनं पुढची फाइल ओढली.

दुसऱ्या दिवशी पत्र अमरावतीच्या कचेरीत दिलं. नवे सचिव म्हणाले, “काका, इतक्या वर्षांनी?” पण त्यांनी चौकशी केली. तिच्या सर्व्हिस बुकात, निवृत्तीच्या नऊ दिवस आधी, मेमो रद्द केल्याची ओळ लागली. तिचा फोन आला नाही.

वर्डमध्ये टेबल करणाऱ्यांसाठी सांगतो. आकडा बदलला की टेबल निवडा, एफ नाईन दाबा. आणि समोरचं माणूस हातानं मिळवून पाहतो म्हणालं, तर पाहू द्या.