ओठाचा डावा कोपरा

नक्कल करताना छापील चित्रावर चौकटी आखाव्यात आणि एका वेळी एकच चौकट पाहावी. जुन्या चित्रातला दरबारी असा उतरवताना मला दिसले, की त्याची सारी तुच्छता ओठाच्या डाव्या कोपऱ्यातल्या तपकिरी छटेत आहे. भाव चेहराभर पसरत नाही. तो एका चौकटीत राहतो.

ती छटा ओळखीची होती. मी भूमितीची शिक्षिका. चित्रकलेचे सर सर्वांदेखत मला म्हणाले होते, “बाई, कंपासपेटीने माणूस रंगवता येत नाही!” तेव्हा त्यांच्या ओठावर तीच होती.

सरांच्या निवृत्तीसाठी त्यांचे व्यक्तिचित्र मीच रंगवले. चेहरा सौम्य केला. कोपरा मात्र दरबाऱ्याचा ठेवला.

“अगदी हुबेहूब!” सर खुलले.

“हो ना,” मागे शिपाईमावशी कुजबुजल्या, “आता कुणाला तरी टोमणा मारतील असं वाटतंय.”

चित्र सभागृहात आहे. त्याची काच मी रोज पुसते.