दोरी बांधलेला फ्रिज

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात एक नियम होता. ज्या फ्रिजच्या दाराला दोरी, त्याला कोणी हात लावायचा नाही. आडवा घालून आणलेला फ्रिज आधी निवांत उभा राहू द्यावा लागतो, नाहीतर कॉम्प्रेसर कामातून जातो. दोरी ही त्याची खूण. मिस्त्रीशिवाय ही खूण एकालाच ठाऊक होती, लग्न होईपर्यंत त्याच्या हाताखाली राबलेल्या धाकट्या भावाला.

तो जुना निळा फ्रिज टेम्पोतून भावानेच आणला.

"मित्राचा आहे, दादा. घाई नाही. राहू दे उभा."

"दोरी तूच बांधलीस ना? गाठ बघूनच कळलं, गाढवा!" मिस्त्री हसला आणि आपल्या कामाला लागला. आपण शिकवलेलं पोरगं विसरलं नाही म्हणून त्याला बरंच वाटलं.

मग दारूबंदी खात्याची माणसं आली. साहेब एकेक दार उघडून बघत होते. मिस्त्री बाजूला उभा होता. पण साहेबांचा हात निळ्या फ्रिजकडे गेला, तसा तो पुढे धावला.

"तो नको, साहेब! त्याला दोरी आहे!"

नुसतं दार उघडल्याने फ्रिजला काही होत नसतं. पण सवयच ती, तोंडातून निघून गेलं. साहेबांनी दोरी सोडून दार उघडलं. आतल्या फळ्या काढून टाकलेल्या होत्या आणि दारूच्या बाटल्या ठासून भरल्या होत्या.

"म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला चांगलंच माहीत होतं," साहेब म्हणाले.

भाऊ कोठडीत भेटायला आला तो हात जोडूनच. "दादा, अनोळखी माणसाने आणून टाकला म्हण. माझी नोकरी नवी आहे, लेकरू तान्हं आहे. तुझा पहिलाच गुन्हा, दंडावर सुटशील."

मिस्त्रीने तसंच लिहून दिलं. जामिनावर घरी आल्यावर बायकोने त्याला जेवणाच्या ताटावरच धारेवर धरलं. "भाऊ तुमचा, बाटल्या त्याच्या, नोकरी त्याची आणि कोठडी तेवढी तुमची! वा! वाटणी झकास झाली हो!"

"वेळ आली की तो उभा राहील माझ्यामागे," मिस्त्री म्हणाला.

भाऊ उभा राहिला, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. टेम्पोवाल्याचा शोध सुरू झाला तसं त्याचं धाबं दणाणलं होतं आणि तो आपणहून सरकारी वकिलाकडे गेला होता.

"मी दादाला किती समजावलं, हा धंदा सोड म्हणून," तो न्यायाधीशांना सांगत होता. "दोरीची खूण त्याचीच. आत माल असला की बांधायचा."

मिस्त्रीच्या कानांत दडे बसले. खोटं तर तोही बोलला होता. पण भावाने दोरीचा अर्थच फिरवला होता. कॉम्प्रेसर जपायला ती कशी बांधायची, हे ज्याला हाताला धरून शिकवलं, त्यानेच.

"आता तरी सांगू का खरं?" त्याच्या वकीलबाई कुजबुजल्या.

"सांगा. सगळं सांगा."

बाईंनी सांगितलं. न्यायाधीशांनी मिस्त्रीचा पहिला जबाब वर धरला. "मग तेव्हा अनोळखी माणूस का म्हणालात?"

"धाकटा आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला. त्याहून मोठं कारण त्याच्याकडे नव्हतं, आणि तेवढं पुरलं नाही. परवान्याशिवाय दारू बाळगल्याबद्दल त्याला कैद झाली.

शिपाई त्याला बाहेर नेत होता तेव्हा भाऊ जवळ आला. नजर जमिनीवर होती, पण हात पुढे केलेला.

"दादा, किल्ली दे दुकानाची. गिऱ्हाइकं खोळंबतील. मी बघतो."

मिस्त्रीने खिशातून किल्ली काढली आणि मागून येणाऱ्या बायकोच्या मुठीत ठेवली.

"खोळंबू देत," तो म्हणाला.