जिन्यात अडकलेला सोफा

पार्लरवालीला दोन हात पुरत नाहीत, म्हणून ती दातही कामाला लावते. भुवया कोरायच्या तर दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत खेळवायचा. खुर्चीतली बाई डोळे मिटून सासूपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडत असते आणि पार्लरवालीला उत्तरादाखल फक्त 'हं' म्हणता येतं. त्या एका 'हं'वर हिचं दुकान उभं होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "ताईंच्या पोटात काहीही टाका, वर येणार नाही."

अशा बाईला तिच्या चिरंजीवांनी बोलतं केलं.

चिरंजीव अकरावीत. ओठांवर मिशी येऊ का नको अशा विचारात. त्याचं सिगरेटचं प्रकरण तिला कळलं ते त्याचे केस कापताना. पोरगा हुशार, घरात शिरण्यापूर्वी पुदिन्याच्या गोळ्या चघळायचा, हात साबणाने धुवायचा. पण केस कोण रोज धुतो? टाळूवर कंगवा फिरवला आणि तिला वास आला. तिने कात्री खाली ठेवली. तो अर्ध्या कापलेल्या डोक्याने उठून पळूही शकत नव्हता. तिथेच त्याने कबूल केलं. दोनदा सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हेही सांगितलं, आणि मग लहानपणी रडायचा तसा नाक ओढत रडला.

डॉक्टर म्हणाले, "तलफ पाहुण्यासारखी असते. थोडा वेळ बसते आणि जाते. तेवढा वेळ त्याला एकटं सोडू नका. फोनवर का होईना, बोलत राहा."

पोराने एकच अट घातली. "कुणाला सांगायचं नाही. बाबांनासुद्धा."

बाबांचा प्रश्न नव्हता. त्यांना घरातल्या कुजबुजीवरून कसला तरी अंदाज आला होता आणि त्यांनी आपणहून हात जोडले होते. "मला काही सांगू नकोस बाई. मला कळलं तर मला चिडावं लागेल."

तर फोन सुरू झाले. नेमके कुणाच्या तरी केसांना रंग अर्धा लागलेला असताना, कुणाच्या पायावर गरम मेण ओतलेलं असताना. मान वाकडी करून, फोन खांद्यात दाबून ही बोलायची. पण बोलायचं काय? जेवलास का, काय जेवलास, का नाही जेवलास, पुस्तक उघडलंस का.

"आई," पोरगा एकदा शांतपणे म्हणाला, "तू असं बोलायला लागलीस की जास्तच ओढावीशी वाटते."

आता आली पंचाईत. दुसरा विषय शोधता शोधता तिच्या तोंडातून सोफा बाहेर पडला.

सोफा एका गिऱ्हाईक बाईंचा. त्यांनी तो माप न घेता मागवला आणि तो जिन्याच्या वळणावर असा रुतून बसला की वर जाईना, खाली येईना. वरच्या मजल्यावर त्यांची जाऊ राहायची. तिला येताजाता सोफ्याच्या हातावरून उडी मारावी लागे. त्याचा सूड म्हणून ती रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्याच सोफ्यावर बसायची, पायावर पाय टाकून. दीर म्हणाले, सोफ्याचे पाय कापू. बाई म्हणाल्या, पाय कापायचे तर आधी तुमचे कापा.

पलीकडून हसू आलं. कित्येक दिवसांनी पोरगा हसला. "मग? पुढे?"

"पुढचं बाई पुन्हा येतील तेव्हा."

"गेली गं," तो म्हणाला. तलफ गेली होती.

त्या दिवसापासून हिची मान अडकली. पोराने बाईंचं नाव ठेवलं सोफाबाई आणि रोज फोनवर पहिला प्रश्न, "हलला का?" एके दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. रात्री तो स्वतःच म्हणाला, "आज सोफ्याचं काही झालंच नाही ना. मग ओढली एक."

एका सिगरेटला जबाबदार एक सोफा! तिने पदरचं घालून पाहिलं. जावेने सोफ्यावर दूध सांडलं म्हणाली. पोरगा म्हणाला, "थाप. त्यावर प्लॅस्टिक आहे, तूच म्हणालीस."

मग ती बाईंनाच बोलावू लागली. या हो, भुवया बिघडल्यात. या हो, नवीन क्रीम आलंय, पैसे नकोत. बाई बिचाऱ्या खूश होऊन येत. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, भुवया आता नावालाच उरल्यात. पुढच्या खेपेला पेन्सिलीने काढून घ्याव्या लागतील." हिला रात्री झोप लागेना. सांगावं तर खुर्चीतल्या बाईचा विश्वासघात. न सांगावं तर पोरगा कोपऱ्यावरच्या दुकानात उभा. आणि हे कुणापाशी बोलून मन हलकं करावं, तर तोंडाला पोराने कुलूप घातलेलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. सोफाबाई खुर्चीत, एक भुवई झालेली, दुसरी अर्ध्यावर. बाकावर दोघीजणी मासिकं चाळत बसलेल्या. फोन वाजला. हिच्या दातांत दोरा, हातांत दोरा. तिने कोपराने फोन दाबला आणि नको तिथे दाबला जाऊन स्पीकर सुरू झाला.

"आई, लवकर बोल," सगळ्या दुकानात पोराचा आवाज घुमला. "फार ओढ लागलीय. सोफाबाईच्या दिराने करवत आणली का?"

बाईंनी एक डोळा उघडला. "कोण सोफाबाई?"

"हं," ही म्हणाली. दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती.

बाई उठून बसल्या. "अगं, मी तुला घरातली समजून सांगत होते, आणि तू माझ्या घराची दवंडी पिटतेस? जाऊ ती जाऊ, आता तूही?"

दोरा तिच्या दातांतून सुटला. एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं, पोराचं होतं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली. बाकावर मासिकाचं पान उलटेना. बाईंनी पर्स उचलली. "पुन्हा ही पायरी चढायची नाही मी."

"काकू," फोनमधून आवाज आला. "काकू, आईला बोलू नका. मी सिगरेट सोडतोय. तलफ आली की तिला फोन करतो. तिला दुसरं काही मजेशीर बोलता येत नाही. तुमच्या सोफ्यामुळेच थोडं जमत होतं."

बाई दारात थांबल्या. "कितवीत आहेस?"

"अकरावी."

"आणि सिगरेट?"

"हो."

"गाढवा!" बाई म्हणाल्या. परत आल्या, खुर्चीत बसल्या, फोन उचलून तोंडापाशी धरला. "करवत आणली. पण त्यांना कुठे येतेय चालवायला? सोफा राहिला, जिन्याचा कठडा कापला. आणि तुझ्या आईला म्हणावं, नीट सांगत जा. प्लॅस्टिक जावेने पहिल्याच दिवशी फाडलंय."

"मग?" पोरगा म्हणाला. "मग?" बाकावरच्या दोघीही म्हणाल्या.

त्या दोघींना पार्लरवाली चांगली ओळखून होती. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर होणार होती. तिला गल्लीचं काही वाटेना. भीती एकच, की पोरगा आता फोन करायचा नाही. ज्या दुकानात चारचौघी ऐकतात तिथे कोण फोन करेल?

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. एका बाईचे पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवले, एकीच्या केसांना रंग लावला, फोन आपला मुका. दुपारी वाजला तेव्हा ती धावली, तर नवरा. "मला कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळलं. आता मला चिडावं लागणार का?"

"आधी फोन ठेवा, लाइन अडवू नका!"

पुन्हा वाजला. या वेळी पोरगाच. आवाज भलताच रागावलेला.

"ओढलीस?" तिने विचारलं.

"कुठे ओढणार? दुकानदार देत नाही. म्हणतो, आईला विचारून ये. पलीकडच्या गल्लीत गेलो, तर तिथे सोफाबाईंची जाऊ भाजी घेत उभी. म्हणाली, काय रे, सुटली का? सगळीकडे कोंडून ठेवलंयस तू मला."

"मी नाही सांगितलं. तूच बोललास."

"माहितीये." तो घुटमळला. "मग... विचारतोय. घेऊ का एक?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. पण फोन त्याने ठेवला नाही, तिनेही नाही. फोन खांद्यात दाबून ती बाकावर बसली.

"ताई," टबातल्या बाई म्हणाल्या, "पाणी गार झालं हो."

"होऊ दे," पार्लरवाली म्हणाली.