तोच अल्बम, तीच थरथर

माझा सगळ्यात आवडता अल्बम हेवी मेटलचा. लातूरच्या घरात तो स्पीकरवर मी एकदाच लावला. ड्रम सुरू होताच मांडणीवरची भांडी थरथरली अन् आई अनवाणी रस्त्यावर पळाली. लहानपणी भूकंपात तिचं अख्खं घर गेलं होतं, हे मला मूर्खाला सुचलंच नाही. तेव्हापासून मी हेडफोन लावतो.

परवा सकाळी तोच अल्बम ऐकत होतो. खुर्ची हादरली. मला वाटलं, काय ड्रम हाणतोय गडी! तेवढ्यात आईनं दंडाला धरून मला बाहेर ओढलं. सगळी गल्ली रस्त्यावर उभी होती. जमीन खरंच हालली होती.

"कवाची हाका मारायले मी," आई म्हणाली.

शेजारीण म्हणाली, "ती कवाच भाईर आलती. तुझ्यासाठी परत आत गेली."

तेव्हा मला धडकी भरली. गळ्यातल्या हेडफोनमध्ये ड्रम अजून वाजतच होते.